शुश्रूषेचा करार

आजारी आईबापांपासून रोगाचें नांव लपवावें, यालाच आपण बहुधा माया समजतों. या समजुतीची कठोर परीक्षा व्हिएन्ना शहरीं एका घरांत झाली.

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड १९२३ च्या एप्रिलांत, घरीं न सांगतां, तोंडांतील गांठ कापून घेण्यास रुग्णालयांत गेले. नंतर रक्तस्राव अनावर झाला. बोलावण्याची घंटाही वाजेना. त्याच खोलींतील एका बुटक्या, मंदबुद्धि रुग्णानें धांवत जाऊन मदत आणली, म्हणून ते वांचले. त्या रात्रीं सत्तावीस वर्षांची कन्या ॲना त्यांच्यापासून हालली नाहीं.

कर्करोग असल्याचें वैद्यांनीं प्रथम लपविलें. पुढें तें कळतांच फ्रॉइड संतापले. ऑक्टोबरांत पिख्लर या शल्यवैद्यांनीं वरच्या जबड्याचा मोठा भाग काढून कृत्रिम जबडा बसविला. तो काढतां-घालतां अतोनात वेदना होत. ॲनानें तें काम पत्करलें. पित्याची अट एकच होती : कळवळा दाखवूं नये, सर्व कांहीं शल्यवैद्याच्या अलिप्तपणें करावें. नाझींच्या जुलमामुळें १९३८ सालीं कुटुंब लंडनास गेलें, तेथेंही हा करार टिकला. १९३९ च्या सप्टेंबरांत फ्रॉइड वारले, तोंवर तीसांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या होत्या.

लपविणाऱ्यांची माया खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु रुग्णास आधार वाटला तो सत्य जाणून न थरथरणाऱ्या हातांचा.