पिटहोलचं लाकडी चर्च

रॉकेल हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो मूळचा इंग्रजी आहे हे ध्यानातही येत नाही. ‘रॉक ऑईल’, म्हणजे खडकातलं तेल, त्याचं बोलता बोलता झालं रॉकेल. हे तेल जमिनीत भोक पाडून हवं तेवढं काढता येतं, हे जगाला पटलं ते अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, टायटसव्हिल गावाजवळ. तारीख २७ ऑगस्ट १८५९. एडविन ड्रेक नावाच्या माणसाला साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलं. या खटाटोपाची सुरुवात ज्या कंपनीनं केली होती तिचं नावच मुळी ‘पेन्सिल्व्हेनिया रॉक ऑईल कंपनी’ असं होतं. पुढं बरीच वर्षं मुंबई बंदरात पत्र्याच्या डब्यांतून उतरणारं रॉकेल प्रामुख्यानं याच मुलखातून यायचं. रशियाचं तेल नंतर आलं. आपल्याकडच्या चिमण्यांतल्या ज्योतीचा पत्ता शोधत गेलं, तर आपण त्या डोंगरदऱ्यांत पोचतो.

तिथं या तेलानं गावं वसवली आणि तेलानंच ती उठवलीही. त्यातलं सगळ्यात विलक्षण गाव पिटहोल. आज मात्र सांगायची आहे ती त्या गावातल्या मेथडिस्ट चर्चची कथा.

जानेवारी १८६५ मध्ये पिटहोल नावाच्या ओढ्याकाठी, थॉमस होल्मडेन या शेतकऱ्याच्या जमिनीत एका विहिरीला जोरदार तेल लागलं. एप्रिलमध्ये अमेरिकेचं यादवी युद्ध संपलं. फौजेतून सुटलेले, खिशात थकलेला पगार खुळखुळणारे तरुण काम आणि नशीब शोधत निघाले. मे महिन्यात डंकन आणि प्रॅथर या दोघांनी होल्मडेनच्या शेतात रस्ते आखले, पाचशे प्लॉट पाडले. सप्टेंबर उजाडला तेव्हा त्या शेतात पंधरा हजार माणसं राहत होती! चौपन्न हॉटेलं, नाटकगृह, स्वतःचं दैनिक वर्तमानपत्र, आणि फिलाडेल्फिया व पिट्सबर्ग सोडलं तर राज्यातलं सर्वांत गजबजलेलं पोस्ट ऑफिस. सगळं लाकडाचं, सगळं घाईचं. रस्त्यात घोड्यांच्या पोटापर्यंत चिखल. दारूचे गुत्ते आणि बदनाम घरं किती होती ते विचारूच नये. बेन होगन नावाचा एक मुष्टियोद्धा इथं असाच धंदा चालवायचा आणि ‘जगातला सर्वांत दुष्ट माणूस’ ही बिरुदावली मोठ्या अभिमानानं मिरवायचा. गंमत अशी की हाच होगन उत्तरायुष्यात धर्मप्रचारक झाला.

अशा ठिकाणी मेथडिस्ट पोचले नसते तरच नवल. इगर्ज म्हटली की आपल्या गोव्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं काय येतं? जांभ्या दगडाच्या भिंती, पांढराशुभ्र दर्शनी भाग, पुढं खुरीस, आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच जागा. मेथडिस्टांची रीत अगदी उलटी. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीनं सुरू केलेली ही चळवळ. अमेरिकेत ती पसरली ती घोड्यावर बसून रानोमाळ हिंडणाऱ्या उपदेशकांमुळं. चर्चची इमारत शेवटी यायची. आधी दहाबारा माणसांचा एक ‘क्लास’ जमायचा, कुणाच्या तरी घरात किंवा धान्याच्या कोठारात. त्यांच्यातलाच एक साधा माणूस त्यांचा पुढारी व्हायचा. आठवड्याला एकदा एकमेकांची विचारपूस, पैशा-दोन पैशांची वर्गणी. पाद्री येईल तेव्हा येईल. तेलाच्या गावाला हा सरंजाम नेमका मानवणारा होता, कारण इथं माणसंही आज आहेत तर उद्या नाहीत.

पाद्र्याच्या बदलीचा नियमही पाहण्यासारखा आहे. एका ठिकाणी पाद्र्यानं दोन वर्षांपेक्षा जास्त राहू नये, असा मेथडिस्टांचा तोवरचा दंडक होता. १८६४ मध्ये तो वाढवून तीन वर्षांचा केला. त्या नियमाप्रमाणं पिटहोलला नेमलेला पाद्री पूर्ण मुदत राहिला असता, तर त्याचा मुक्काम गावाच्या भरभराटीपेक्षा लांबला असता, कारण पिटहोलचा बहर जेमतेम पाचशे दिवसांचा!

चर्च कसं उभं राहायचं याचा एक बोलका दाखला शेजारच्या राउसव्हिल गावचा आहे. स्टँडर्ड ऑईल कंपनीचं पितळ उघडं पाडणारी प्रसिद्ध पत्रकार आयडा टार्बेल या गावात लहानाची मोठी झाली. तिचे वडील तेल साठवायच्या लाकडी टाक्या बनवत. तिनं आत्मचरित्रात लिहिलंय की गावकऱ्यांनी वर्गणी काढून चर्च बांधलं, आणि ते कुठल्या पंथाचं असावं हे चक्क मतदानानं ठरवलं. बहुमत मेथडिस्टांना मिळालं. टार्बेल कुटुंब मूळचं प्रेस्बिटेरियन, पण निकाल लागला आणि घरचे सगळे मेथडिस्ट झाले. आपल्याकडं देवळाच्या महाजनकीवरून कोर्टकचेऱ्या चालतात हे आठवून मला हसू आलं. पण त्यात नुसती गंमत नाही. हे लोक खूप दुरून आलेले, एकमेकांना अनोळखी. याच गावाला १८६१ च्या एप्रिलमध्ये एका विहिरीनं पेट घेतला होता. एकोणीस माणसं मेली. ज्याच्या नावावरून गाव ओळखलं जातं तो हेन्री राउस त्यातच होरपळला, आणि मरता मरता त्यानं आपली बहुतेक मालमत्ता वॉरन काउंटीतल्या गोरगरिबांसाठी आणि रस्त्यांसाठी ठेवली. अशा ठिकाणी पंथाचे बारकावे कोण पाहत बसणार? मेल्यावर चार शब्द बोलायला, आणि रविवारी बायकापोरांना घेऊन चिखलाबाहेर बसायला एक जागा हवी होती.

पिटहोलमध्ये ती जागा १८६६ साली झाली. ते वर्ष अमेरिकन मेथडिस्टांच्या शताब्दीचं. १७६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फिलिप एम्बरीनं पहिली लहानशी मंडळी जमवली, तेव्हापासूनची शंभर वर्षं. देशभर वर्गण्या निघत होत्या. पिटहोलच्या मेथडिस्टांनी आपलं चर्च बांधलं ते टेकडीच्या माथ्यावर, विहिरी आणि गुत्ते यांच्या वरच्या अंगाला. साधं, लाकडी.

पण हे चर्च उभं राहत होतं तेव्हा खाली गाव निसटू लागलं होतं, आणि ही गोष्ट मला फार विचार करायला लावते. ऑक्टोबर १८६५ मध्येच सॅम्युएल व्हॅन सिकलनं पिटहोलपासून पाच मैलांवरच्या रेल्वेपर्यंत दोन इंची लोखंडी नळ घातला होता. तेलाची ही पहिली यशस्वी पाइपलाइन. तोवर पिंपं वाहून नेणारे घोडागाडीवाले मागतील तो दर घेत. त्यांनी नळ तोडले, मग पाइपलाइनवर हत्यारबंद पहारे बसले. शेवटी गाडीवाल्यांचा धंदा बसला आणि त्यांच्याबरोबर तबेले, खानावळी, लोहार यांचाही. मार्च १८६६ मध्ये या भागात पैसा फिरवणाऱ्या चार्ल्स कल्व्हरची बँक बुडाली. फेब्रुवारीपासून आगी लागत होत्या. ऑगस्टमधल्या आगीनं तर गावाचा मोठा भाग खाऊन टाकला. आणि मुख्य म्हणजे खालचं तेलच आटलं. जो तो शेजाऱ्याच्या आधी उपसायचं म्हणून विहिरीला चिकटून विहीर पाडत होता, त्यानं जमिनीतला वायूचा दाब संपला. १८६६ संपताना गावात दोनेक हजार माणसं उरली. १८७० च्या शिरगणतीत तीनशेही नव्हती. १८७७ मध्ये पिटहोलचा नगराचा दर्जा काढून घेतला, आणि नंतर उरलंसुरलं गाव काउंटीला परत विकलं गेलं ते ४ डॉलर ३७ सेंटना. एक छपाईची चूक असावी असं वाटतं, पण आकडा खरा आहे.

इमारतींचं काय झालं? काही जळल्या, बाकीच्या लोकांनी उतरवून नेल्या. लाकूड, खिडक्या, दारं, सगळं दुसऱ्या गावी उपयोगी पडायचं. ‘बाँटा हाऊस’ नावाचं एक आलिशान हॉटेल होतं. ते बांधायला साठ हजार डॉलर लागले होते असं आयडा टार्बेल सांगते. तिच्या वडिलांनी ते सहाशे डॉलरना घेतलं, मोडलं, आणि त्याच सामानातून टायटसव्हिलला आपलं घर बांधलं. ते घर अजून आहे. कॅथलिकांचं चर्चही पिटहोलमध्ये होतं. तेही उतरवून दुसरीकडं नेण्यात आलं.

मेथडिस्ट चर्च तेवढं राहिलं. का? टेकडीवर असल्यामुळं ते आगीपासून दूर होतं, हे एक. दुसरं कारण मला मेथडिस्टांच्या जुन्या शिस्तीत दिसतं. वेस्लीच्या काळापासून त्यांची प्रार्थनाघरं कुणा एकाच्या किंवा त्या गावच्या मंडळीच्याही मालकीची नसतात. ती साऱ्या संघटनेच्या वतीनं विश्वस्त सांभाळतात. हॉटेलचा मालक कर्जबाजारी झाला की हॉटेल मोडून विकतो. चर्चला असा मालकच नव्हता. हा माझा तर्क. पण तो फारसा चुकीचा नसावा, असं मला वाटतं.

पाचशे दिवसांच्या गावातलं ते लाकडी चर्च पुढं साठ-पासष्ट वर्षं उभं होतं. भोवती घरं नाहीत, खाली विहिरींच्या जागी झाडोरा. १९३० च्या दशकात तेही पडलं. नंतर ‘टायटसव्हिल हेरल्ड’ या वर्तमानपत्राचे प्रकाशक जेम्स स्टीव्हन्सन यांनी ती जागा विकत घेतली, झुडपं काढून साफ केली आणि १९६१ मध्ये राज्याच्या इतिहास आयोगाला देऊन टाकली. आता जुन्या रस्त्यांच्या रेषेत गवत कापून पायवाटा ठेवल्या आहेत. त्यातली एक चढण चढून माथ्यावर गेलं की चर्चच्या जागी एक दगडी वेदी आहे.