कपाशीतली कात्री

मार्च २००२ मध्ये जालन्याच्या महिकोच्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली. पुढे बडनेऱ्याच्या शिवारातही बीटी आली, तेव्हा लोक मला विचारत, जिवाणूचे जनुक कपाशीत घातले तरी कसे?

त्याची कात्री जुनीच. १९७० साली अमेरिकेत हॅमिल्टन स्मिथ यांनी डीएनए नेमक्या जागी कापणारे विकर, म्हणजे एन्झाइम, एका जिवाणूतून वेगळे केले. १९७८ चे नोबेल आर्बर व नेथन्स यांच्यासह त्यांना मिळाले. पण या कात्रीची धार मॅग्नेशियमची! डीएनएच्या कण्यावर ऋण भार असतो, मॅग्नेशियमच्या आयनावर धन. तो कण्याला धरतो आणि पाण्याच्या रेणूला घाव घालायला सज्ज करतो. मॅग्नेशियम काढून घ्या, कात्री बंद. तुटलेला धागा सांधणारे लायगेज १९६७ मध्ये सापडले. त्यालाही मॅग्नेशियम लागतेच. आपल्या पेशींत डीएनएची रोजची डागडुजी अशाच लायगेजांकडे असते, हे मला बीटीपेक्षा मोठे वाटते.

गुलाबी बोंडअळी पुढे बीटीलाही पुरून उरली, फवारे परत आले. आणि बीटीवर लाल्या पडला तर आपला शेतकरी फवारतो ते मॅग्नेशियम सल्फेटच.