मत्स्यबीज : कोणत्या पाण्यात, कोणाच्या हाती?

मत्स्यशेतीचा विषय वर्गात निघाला की आपण बहुधा तळे, खाद्य आणि उत्पादन यांविषयी बोलतो. चांगले बीज आणि पुरेसे पाणी मिळाले की मासे वाढणारच, असा आपला हिशेब असतो. पण हे बीज कोणत्या पाण्यात सोडायचे? आणि त्या पाण्यावर हक्क कोणाचा? पुणे जिल्ह्याच्या इतिहासात या दोन्ही प्रश्नांची उदाहरणे सापडतात.

पहिले उदाहरण मुळा-मुठेपासून सुरू होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील विल्यम सायक्स या अधिकाऱ्याने दख्खनची पाहणी करताना येथील माशांच्याही नोंदी केल्या. पुण्याच्या पूर्वेस याच नदीत मिळालेल्या एका मोठ्या माशाचे वर्णन त्याने १८३९ साली प्रसिद्ध केले. हा मासा म्हणजे टॉर खुद्री, आपला निळ्या परांचा महासीर.

महासीर हा स्वच्छ, वाहत्या पाण्यातला मासा. पावसाळ्यात तो अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला जातो. पुढे धरणांनी त्याची वाट अडवली आणि शहरांच्या सांडपाण्याने पाण्यातला प्राणवायू घटवला. सायक्सला जेथे हा मासा मिळाला, त्या भागातील नदीची आजची अवस्था पुणेकर वाचकांना वेगळी सांगायला नको.

या माशाला आधार मिळाला लोणावळ्यात. वळवण येथील तलाव टाटांच्या वीजकंपनीने जलविद्युत निर्मितीसाठी बांधलेला. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथे महासीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. पावसाळ्यात पक्व नर-मादी पकडायचे, मादीचे पोट हलकेच दाबून अंडी काढायची, त्यांत नराचे वीर्य मिसळायचे आणि फलित अंडी वाहत्या पाण्यात ठेवायची, अशी ही पद्धत. कटला-रोहूची अंडी एका दिवसाच्या आत उबतात. महासीरच्या अंड्यांना तीन-चार दिवस लागतात, आणि तेवढा काळ पाणी स्वच्छ व प्राणवायूयुक्त ठेवावे लागते. हे साधल्यावर लोणावळ्याचे बीज देशात अनेक ठिकाणी जाऊ लागले. २०२० साली हा मासा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत 'धोक्यात' या वर्गातून 'कमी चिंतेच्या' वर्गात आल्याचे जाहीर झाले.

गोष्ट येथे संपली असती तर ती निखळ यशाची ठरली असती. पण हे बीज दक्षिणेत कावेरीतही सोडले गेले. कावेरीचे खोरे कृष्णेच्या खोऱ्याहून वेगळे. तिचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महासीर आहे. निळ्या परांचा पाहुणा तेथे नुसता जगला नाही, तर स्वतःची वीणही वाढवू लागला. गळाने मासे पकडणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा पाहुणा वाढत गेलेला आणि मूळचा महासीर घटत गेलेला दिसला. २०१८ साली हा मूळचा मासा म्हणजे टॉर रेमादेवी ही जाती, असे संशोधकांनी दाखवले. त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला. एका नदीसाठी वाचवलेला मासा दुसऱ्या नदीत संकट ठरू शकतो, तो असा.

दुसरे उदाहरण आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरणाचे. घोड नदीवरील या धरणात आदिवासींच्या जमिनी बुडाल्या. पाणी आले, पाण्यात मासेही वाढणार होते. पण ते धरायचे कोणी? 'शाश्वत' या संस्थेच्या साथीने आदिवासींनी हा हक्क मागितला आणि २००६ साली त्यांची मच्छिमार सहकारी सोसायटी उभी राहिली. मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेची तांत्रिक मदत मिळाली. लहान बीज थेट जलाशयात सोडले तर त्यातले बरेचसे मोठे मासे खाऊन टाकतात. म्हणून ते आधी जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवून त्याची बोटुकली करायची आणि मग सोडायची. २०१२ साली 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे 'इक्वेटर' पारितोषिक मिळाले.

कटला, रोहू, मृगळ हे आपण धरणांत सोडतो ते मासेही मूळचे उत्तरेकडील नद्यांचे. हिरालाल चौधुरी यांनी १९५७ साली पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन अशा माशांची वीण घडवली, तेव्हापासून त्यांचे बीज देशभर पोचू शकले. जलाशयाच्या संथ पाण्यात हे मासे सहसा वीत नाहीत, म्हणून बीज पुन्हा पुन्हा सोडावे लागते. आपल्या स्थानिक माशांवर त्यांचा काय परिणाम होतो, हा प्रश्न मात्र त्यामुळे सुटत नाही. तो प्रत्येक जलाशयात तपासावाच लागेल.

म्हणून मत्स्यशेतीचे यश केवळ टनांत मोजू नये, असे आम्हाला वाटते. सोडलेली जात त्या खोऱ्यातली आहे का, आणि ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांना त्या पाण्यातून काही मिळते का, हे दोन रकानेही हिशेबाच्या वहीत हवेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जवळच्या मासळी बाजारात अवश्य न्यावे. प्रत्येक गोड्या पाण्यातल्या माशाचे नाव, तो कोणत्या जलाशयातला आणि तो कोणी धरला, एवढे तीन रकाने भरायला सांगावे. त्या तक्त्यावर वर्गात चांगली चर्चा होऊ शकेल.