२३१ घन इंचांची कुळकथा

माशांची काचेची टाकी किती गॅलनची, हे काढण्याची अमेरिकी रीत सोपी आहे. आतून लांबी, रुंदी, उंची इंचांत घ्यायची, गुणाकार करायचा आणि २३१ ने भागायचे. २४ × १२ × १६ इंचांच्या टाकीचे ४६०८ घन इंच होतात, म्हणजे जवळजवळ २० गॅलन. पण हे २३१ आले कुठून? हा ना कशाचा वर्ग, ना घन, ना बाराच्या पाढ्यातला. त्याचे मूळ सापडते इंग्लंडच्या दारूवरल्या करात.

सतराव्या शतकातल्या इंग्लंडात गॅलन एकच नव्हता. वाइनचा २३१ घन इंचांचा धरत, बिअरचा २८२ चा, आणि धान्याचा या दोहोंच्या मधला. कर गॅलनमागे असल्याने हा फरक थेट पैशांत उतरे. त्यातच १६८८ मध्ये लंडनच्या गिल्डहॉलमधले वाइनच्या गॅलनचे प्रमाण-भांडे मोजून पाहिले, तर त्यात जेमतेम २२४ घन इंच मावत होते. सरकारी हिशेब २३१ चा आणि सरकारी भांडे २२४ चे! गॅलन लहान धरला की त्याच पिंपात गॅलन जास्त भरणार आणि करही वाढणार, तेव्हा व्यापारी आणि अबकारी खाते यांच्यात वाद होणे आलेच.

राणी ॲनच्या काळातल्या १७०६ च्या कायद्याने तो मिटवला. सात इंच व्यासाचे, सहा इंच खोल, सपाट बुडाचे गोल भांडे म्हणजे वाइनचा कायदेशीर गॅलन, असे ठरले. किंवा २३१ घन इंच मावणारे कुठलेही भांडे. पाय २२/७ धरा: साडेतीनचा वर्ग १२.२५, त्याला २२/७ ने गुणून ३८.५, आणि सहाने गुणून बरोबर २३१. ज्याला कोडे म्हणावे तो आकडा असा शाळकरी गणितातून निघतो.

पिंपे मोजणाऱ्या अंमलदाराला मात्र दर वेळी एवढी आकडेमोड परवडणारी नव्हती. पिंप पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते. तो दोन्ही व्यास घेऊन त्यांवरून सरासरी व्यास काढी आणि पिंपाला सरळ नळकांडे समजे. पुढचे काम सरकपट्टीचे. थॉमस एव्हरार्डने १६८३ च्या सुमारास खास अबकारी अंमलदारांसाठी बनवलेल्या पट्टीवर वाइनसाठी १७.१५ वर आणि बिअरसाठी १८.९५ वर खूण होती. व्यासाला १७.१५ ने भागा, वर्ग करा, उंचीने गुणा, की वाइनचे गॅलन हातात. पाय आणि २३१ दोन्ही त्या एका खुणेत आधीच मुरवलेले होते.

१८२४ मध्ये ब्रिटनने हे सगळे गॅलन मोडीत काढले आणि ६२ अंश फॅरनहाइटच्या दहा पौंड शुद्ध पाण्याची जागा म्हणजे इंपीरियल गॅलन, असे ठरवले. तो सुमारे २७७.४ घन इंचांचा, ४.५४६ लिटरचा. अमेरिका तोवर वेगळी झाली होती. तिच्या अर्थखात्याने १८३२ मध्ये जुना वाइनचाच गॅलन पक्का केला: ३.७८५ लिटर.

आपल्याकडे आला तो इंपीरियल. घनफुटाला सव्वासहा गॅलन हा इंजिनिअरांचा तोंडी हिशेब त्यातूनच आला, कारण घनफूटभर पाणी साधारण साडेबासष्ट पौंड भरते आणि दर दहा पौंडांना एक गॅलन. मुंबईच्या पाणीपुरवठ्याचे जुने आकडेही दशलक्ष गॅलनांतच असत. मेट्रिक मापे आल्यावर आपण लिटरवर गेलो. लिटर मुळात लांबीच्या मापातूनच घडवलेला, त्यामुळे असला भाजक लक्षात ठेवावा लागत नाही: सेंटिमीटरांचा गुणाकार करून हजाराने भागले की झाले. वरची टाकी साडेपंचाहत्तर लिटरची.

तरी माशांच्या औषधाच्या परदेशी बाटलीवर ‘दहा गॅलनला इतके थेंब’ असे छापलेले असतेच. तेव्हा बाटली कुठली ते आधी पाहावे. अमेरिकी असेल तर दहा गॅलन म्हणजे सुमारे ३८ लिटर, जुन्या ब्रिटिश मापाने सुमारे साडेपंचेचाळीस. अमेरिकी वीस गॅलनच्या टाकीत ब्रिटिश मापाचे साडेसोळाच गॅलन पाणी असते. ब्रिटिश मात्रा वीस गॅलनच्या हिशेबाने टाकली, तर माशांना औषध पाचवा हिस्सा जास्त जाते.