चांदण्यांचे कलिंगड

1926 साली न्यूयॉर्क येथील 'पीटर हेंडरसन अँड कंपनी' ह्या बियाणे विक्रेत्यांनी एक आगळे कलिंगड बाजारात आणले. त्याचे नाव होते 'सन, मून अँड स्टार्स', म्हणजे सूर्य, चंद्र आणि तारे. नाव ऐकून ही व्यापाऱ्याची अतिशयोक्ती असावी असे वाटेल; परंतु फळ पाहिले की नावाची सार्थता पटते. गर्द हिरव्या, जवळजवळ काळसर सालीवर पिवळ्या ठिपक्यांची पखरण असते, ते तारे. आणि त्यांच्यामध्ये एखादा मोठा वाटोळा डाग, तो चंद्र. पुढे नावातील सूर्य गळून पडला आणि 'मून अँड स्टार्स' एवढेच रूढ झाले.

कलिंगडावर डाग पडणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. जमिनीला टेकलेली बाजू पिवळट होते आणि जाणता माळकरी त्यावरून फळाची पक्वता ओळखतो. विषाणूंच्या रोगानेही सालीवर कडी उमटतात. चांदण्यांच्या ह्या वेलाची मात्र पानेही ठिपक्यांची असतात. माहीत नसलेल्या माणसाला वाटावे, वेल रोगट आहे, उपटून टाकावा! परंतु ही खूण रोगाची नाही, कुळाची आहे. ती बियांतून येते आणि बियांतून पुढे जाते.

कलिंगडाचे कूळ आफ्रिकेचे. त्याचा सर्वांत जवळचा रानटी आप्त सुदानमधील कोर्दोफान प्रदेशात आढळतो, असे 2021 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले. 1922 साली सापडलेल्या तुतानखामेन राजाच्या थडग्यातही कलिंगडाच्या बिया होत्या. आपल्या वाचकांना त्याआधी गणना ग्रंथाचा 11 वा अध्याय आठवेल. मान्नाला कंटाळलेली इस्राएली प्रजा रानात रडत होती आणि मिसर देशातील मासे, काकड्या, कांदे, लसूण ह्यांची आठवण काढत होती. त्या यादीत जे फळ आहे, त्याचा मूळ हिब्रू शब्द कलिंगडाचाच मानला जातो. स्पॅनिश वसाहतवाल्यांबरोबर आणि गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन लोकांबरोबर हे फळ पुढे अमेरिकेत पोहोचले.

विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शेतीचे रूप पालटले. फळ दूरच्या शहरांत पाठवायचे, तर साल कणखर हवी, आकार एकसारखा हवा, वेल रोगास पुरून उरणारा हवा. 1954 साली अमेरिकेच्या कृषी खात्याने आणलेला 'चार्ल्स्टन ग्रे' हा वाण अशा गरजांसाठीच घडवलेला होता. बाजाराच्या दृष्टीने ते चुकीचे नव्हते. पण त्या ओघात घरोघरचे जुने वाण मागे पडले. चांदण्यांचे कलिंगड विक्रेत्यांच्या याद्यांतून दिसेनासे झाले आणि ते नष्ट झाले असे जाणकारही मानू लागले.

ह्याच काळात आयोवा राज्यातील सेंट लुकस ह्या जर्मन कॅथलिक वस्तीच्या गावात बॅप्टिस्ट जॉन ऑट नावाचे एक वृद्ध गृहस्थ राहत होते. त्यांच्या घराण्याने बव्हेरियातून येताना बिया बरोबर आणल्या होत्या. मृत्यूपूर्वी त्यांनी दोन वाणांच्या बिया आपली नात डायान आणि नातजावई केंट व्हीली ह्यांच्या हाती सोपवल्या. एक गुलाबी टोमॅटो होता. दुसरा गारवेलीच्या जातीचा, जांभळ्या फुलाचा. त्याच्या गळ्याशी तांबडी चांदणी असते. आजोबा गेल्यावर त्या दांपत्याच्या ध्यानात आले, की आता ह्या बिया आपण जपल्या नाहीत तर त्या संपल्या! 1975 साली त्यांनी घरगुती बियाणे जपणाऱ्यांची एक संघटना उभी केली. 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज' ह्या नावाने ती पुढे जगप्रसिद्ध झाली.

हरवलेल्या चांदण्यांचा शोध व्हीली ह्यांनी चालवला होता. 1980 च्या सुमारास मिसुरी राज्यातील मेकन गावाजवळच्या एका शेतकऱ्याशी त्यांची गाठ पडली. त्याच्या शेतात ते कलिंगड निमूटपणे पिकत होते. जगाने ज्याला मृत ठरवले, त्याची बी ह्या माणसाने पेरली होती, राखली होती आणि पुन्हा पेरली होती. आज बीजयाद्यांत ही ओळ त्याच्या 'व्हॅन डोरन' ह्या आडनावाने ओळखली जाते. अंगावरील खुणेमुळे फळाची ओळख पटली हे खरे. पण ते जिवंत राहिले ते खुणेमुळे नव्हे, एका माणसाच्या निष्ठेमुळे.

येथे आपल्याच धर्मबंधूचे स्मरण होते. ऑगस्टिनियन मठवासी ग्रेगोर मेंडेल ह्यांनी बर्नो येथील मठाच्या बागेत वाटाण्याचे वेल वाढवून आनुवंशिकतेचे नियम शोधले आणि 1866 साली ते प्रसिद्ध केले. काही गुण प्रभावी असतात, काही दबून राहतात, हा त्यातील एक सिद्धांत. कलिंगडावरील चांदण्या हा प्रभावी गुण आहे आणि तो एकाच जनुकावर अवलंबून असतो. ह्याचा अर्थ विचार करायला लावणारा आहे. शेजारच्या मळ्यातील साध्या कलिंगडाचे पराग मधमाशीने आणून टाकले, तरी शुद्ध वेलाच्या पुढच्या पिढीतील फळांवर चांदण्या उमटतातच. गराचा रंग, गोडी, आकार मात्र पालटलेला असू शकतो. खूण तीच, फळ वेगळे!

म्हणून बी राखणाऱ्याला केवळ साल पाहून भागत नाही. दुसऱ्या जातीचा मळा दूर ठेवावा लागतो. नाही तर मादी फूल उमलण्यापूर्वी झाकून, सकाळी आपल्या हाताने पराग लावून, पुन्हा बांधून ठेवावे लागते. फळ पूर्ण पिकू द्यावे लागते, चाखावे लागते आणि जे उत्तम त्याचीच बी ठेवावी लागते.

'उत्तम त्याचीच बी' हे सूत्र सुटले की काय होते, ह्याची एक कथा आपल्या शेजारी गोव्यातच आहे. बार्देशातील पर्रा गावची कलिंगडे एके काळी नावाजलेली होती. गोव्याचे माजी मुख्यमंत्री दिवंगत मनोहर पर्रीकर ती आठवण सांगत. हंगामाच्या शेवटी एक शेतकरी गावातील मुलांना बोलावून सर्वांत मोठी कलिंगडे हवी तेवढी खाऊ घाली. अट एकच, बी चावायची नाही. त्या बिया पुढच्या वर्षी पेरल्या जात. पुढे कारभार मुलाकडे गेला. मोठी फळे बाजारात अधिक पैसे देतात, हे पाहून त्याने मुलांसमोर लहान फळे ठेवली. साहजिकच बी लहान फळांची राहिली. दरवर्षी फळ खुजे होत गेले आणि काही वर्षांतच पर्ऱ्याच्या कलिंगडाचा लौकिक लयास गेला.

ह्या दोन कथा शेजारी ठेवल्या, की आपल्या कुटुंबांविषयी एक प्रश्न उभा राहतो. आपल्या अंगावरील खुणा प्रभावी आहेत. नावे संतांची, दारावर क्रूस, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, सणाला नवे कपडे. ह्या खुणा पुढच्या पिढीतही सहज उमटतील. त्यांसाठी फारसे कष्ट लागत नाहीत. पण संध्याकाळची रोझरी, शेजाऱ्याशी सचोटी, वृद्धांची सेवा, क्षमा करण्याची सवय ही आतली गोडी आपोआप उतरत नाही. ती दर पिढीला हाताने लावावी लागते. आणि मुलांसमोर आपण कोणते फळ ठेवतो? दिवसाची उत्तम वेळ बाजाराला आणि उरलासुरला थकवा घराला, असे तर होत नाही ना?

परमगुरू फ्रान्सिस ह्यांनी 2015 सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात नष्ट होणाऱ्या जीवजातींविषयी तळमळीने लिहिले आहे. बी राखणे हे केवळ शेतीचे काम नव्हे, ते सृष्टिकर्त्याने दिलेल्या ठेव्याची राखण आहे, हे त्यातून उमजते. ज्यांच्या घरी आजही वालाची, पडवळाची वा काकडीची जुनी बी राखेत घोळून बरणीत ठेवलेली असेल, त्यांनी ती यंदा नातवंडांच्या हाताने पेरावी. पेरताना ती कोणाकडून आली, हेही त्यांना सांगावे.