गोबर गॅस संयंत्र

गोबर गॅस संयंत्र म्हणजे जनावरांचे शेण हवाबंद टाकीत कुजवून त्यापासून ज्वलनशील वायू व खत मिळविण्याची रचना होय. भारतात ते स्वयंपाकाचे इंधन पुरविणारे साधन म्हणून परिचित आहे. दुग्धव्यवसायातील मिथेनचे उत्सर्जन कमी करण्यासाठीही त्याचा उपयोग होतो.

कार्यपद्धती

शेण व पाणी साधारणतः समप्रमाणात कालवून तयार झालेला शेणकाला पाचक टाकीत सोडतात. ऑक्सिजनच्या अभावी जीवाणू सेंद्रिय पदार्थांचे विघटन करून आम्ले तयार करतात व त्यांपासून मिथेनजनक सूक्ष्मजीव मिथेन निर्माण करतात. या वायूत साधारणपणे ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो; उरलेला भाग मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचा असतो. सुमारे ३५° से. तापमान या क्रियेस पोषक असते; थंडीत वायू कमी मिळतो. बाहेर पडणाऱ्या काल्यात नत्र, स्फुरद व पालाश टिकून राहत असल्याने तो खत म्हणून वापरतात.

इतिहास

मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून मिळणारा वायू वापरण्यात आला. जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे संयंत्र विकसित केले. खादी व ग्रामोद्योग आयोगाने पुढे १९६० च्या दशकात त्याचा प्रसार केला. १९८१-८२ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला. १९८४ मध्ये स्थिर घुमटाचे, तुलनेने स्वस्त असे ‘दीनबंधू’ संयंत्र पुढे आले.

मिथेन उत्सर्जनावरील परिणाम

शंभर वर्षांच्या कालावधीचा विचार करता मिथेनची तापमानवाढ घडविण्याची क्षमता समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. संयंत्रातील मिथेन जाळल्यावर त्याचे कार्बन डायऑक्साइड व पाण्यात रूपांतर होते. मात्र होणारा लाभ शेण साठविण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतो. मोठ्या गोठ्यांतील शेण पाण्याने धुऊन उघड्या तळ्यांत साठविल्यास पुष्कळ मिथेन सुटतो. तेथे संयंत्राचा लाभ मोठा असतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१६ च्या कायद्याने गोठ्यांतील शेणखताचे मिथेन उत्सर्जन २०३० पर्यंत २०१३ च्या तुलनेत ४० टक्क्यांनी घटविण्याचे लक्ष्य ठरविले आहे. याउलट गोवऱ्या थापून वाळविलेल्या शेणातून मिथेन अल्प प्रमाणात सुटतो. तेथील मुख्य लाभ म्हणजे सरपण व गोवऱ्यांची बचत आणि घरातील धुरापासून सुटका.

मर्यादा

गाई-म्हशींच्या रवंथक्रियेत पोटातून बाहेर पडणारा मिथेन संयंत्राने कमी होत नाही. घुमटाला भेगा पडल्यास, नळ गळल्यास किंवा न वापरलेला वायू हवेत सोडल्यास मूळ हेतूच विफल होतो. त्यामुळे नियमित देखभाल, रोजचे पुरेसे शेण व पाणी आणि वायूचा पूर्ण वापर या बाबी आवश्यक ठरतात.