बुडापेस्टचे वचन
१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विघटित झाला, तेव्हा सुमारे १,९०० व्यूहात्मक, म्हणजे दूरच्या राष्ट्रावर डागता येणारी, अण्वस्त्रे युक्रेनच्या भूमीवर उरली. मात्र ती डागण्याचे संकेत मॉस्कोच्याच हाती होते. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी अण्वस्त्रे सोडण्याच्या बदल्यात युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे लेखी वचन दिले आणि जून १९९६ पर्यंत अखेरचे अस्त्रही रशियाकडे गेले. या दस्तऐवजाची गंभीर उणीव अशी, की वचनभंगावर सल्लामसलतीपलीकडे उपाय नव्हता आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे जाण्याचे कलम अण्वस्त्रांच्या वापरापुरते वा धमकीपुरतेच होते. २०१४ मध्ये क्रिमिया बळकावणाऱ्या रशियाने परिषदेतील त्याबाबतचा ठराव नकाराधिकाराने, म्हणजे स्थायी सदस्याच्या एकट्या विरोधी मताने, रोखला. वचन देणाराच आक्रमक ठरल्यास काय करावे, याची तरतूद १९९४ मध्ये कोणीही केली नव्हती.